फी भरली, भाड्याचे आणि भाकरीचे काय?

क्लेमेंट अ‍ॅटली हे नाव आपण ऐकलेले असते ते भारत स्वतंत्र झाला तेव्हाचे ब्रिटनचे पंतप्रधान म्हणून. पण त्याच्या पस्तीस वर्षे आधी, १९१२ साली, हेच अ‍ॅटली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापक म्हणून रुजू झाले होते. ज्या विभागात ते शिकवत, तो गरीब वस्त्यांत काम करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींना तयार करण्यासाठी त्याच वर्षी उभा राहिला होता. त्याच्या पाठीशी पैसा होता मुंबईच्या एका उद्योगपतीचा. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी दारिद्र्याच्या अभ्यासासाठी दरसाल १,४०० पौंड देऊ केले होते. (२०२४ मध्ये निवर्तलेले रतन टाटा ते हे नव्हेत. त्यांचे वडील नवल यांना या सर रतन यांच्या पत्नी नवाजबाई यांनी दत्तक घेतले होते.)

या पैशातून काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. इतिहासकार आर. एच. टॉनी हे रतन टाटा फाउंडेशनचे संचालक झाले. १९१० साली इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ गावात लोखंडी साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी किमान मजुरीसाठी संप केला होता. मजुरीचे किमान दर ठरल्यावर त्या कामगारांचे आणि त्या धंद्याचे काय झाले, याचा टॉनी यांनी बारकाईने अभ्यास केला आणि १९१४ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी याच फाउंडेशनच्या मदतीने इंग्लंडमधल्या कामगार कुटुंबांच्या उपजीविकेची पाहणी छापली गेली. तिचे एक लेखक बर्नेट-हर्स्ट पुढे भारतात आले आणि १९२५ साली त्यांचे मुंबईच्या कामगारांच्या मजुरीवरचे आणि घरांवरचे पुस्तक आले. गिरणगावातल्या खोल्यांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाचा हात टाटांच्याच पैशावर घडलेला होता.

गिरण्या चालवणाऱ्या घराण्याच्या पैशातून मजुरांच्या किमान वेतनाचा अभ्यास व्हावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. धंद्याने समाजकार्याच्या शिक्षणाला पैसा द्यावा का, किती द्यावा आणि कसा द्यावा, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे या एका उदाहरणात सापडतात. आज महाराष्ट्रात एम.एस.डब्ल्यू. ही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करणाऱ्या एखाद्या मुलीला कंपनीची शिष्यवृत्ती मिळते, तेव्हा ती याच जुन्या परंपरेची वारसदार असते. म्हणून ही परंपरा नीट समजून घ्यायला हवी.

नागपाड्यातली शाळा

समाजकार्य शिकावे लागते, ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. दया, दान, सेवा आपल्याकडे पूर्वापार आहेत. पण अडचणीतल्या माणसाची विचारपूस कशी करायची, त्याच्या घरची स्थिती कशी समजून घ्यायची, कोणती मदत त्याला उभे करील आणि कोणती लाचार करील, हे शास्त्र म्हणून शिकवायला सुरुवात झाली १८९८ साली न्यूयॉर्कमधल्या एका उन्हाळी वर्गापासून. त्यासाठी आग्रह धरणाऱ्या मेरी रिचमंड यांनी १९१७ साली या कामाच्या पद्धतीवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला.

मुंबईत ही वाट आणली क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी. अमेरिकन मराठी मिशनतर्फे आलेल्या या गृहस्थांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ सुरू केले होते. आजूबाजूला गिरणी कामगारांची, गोदी कामगारांची, नाना धर्मांच्या गरिबांची दाट वस्ती. तिथे काम करताना त्यांच्या लक्षात आले की कळवळा असलेली माणसे पुष्कळ भेटतात, शिकून तयार झालेली भेटत नाहीत.

त्याच सुमारास टाटांच्या घरात एक मोठा निर्णय झाला होता. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. स्त्रियांच्या हक्कांसाठी आणि बालविवाहाविरुद्ध त्यांनी मोठे काम केले होते. पुढच्या वर्षी, १९३२ च्या मार्चमध्ये, दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती एका विश्वस्त निधीच्या हवाली केली. मेहरबाईंचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही त्यात होता. वजन २४५ कॅरटपेक्षा थोडे जास्त. काही वर्षांपूर्वी, १९२४ साली, पोलाद कारखाना बुडायला आला तेव्हा कर्ज उभारण्यासाठी दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता गहाण टाकली होती आणि त्यातही हा हिरा होता. तो हिरा पुढे विकला गेला आणि पैसा ट्रस्टच्या कामी आला. दोराबजी त्याच १९३२ च्या जूनमध्ये वारले.

या ट्रस्टचे सुरुवातीचे मोठे काम म्हणजे १९३६ साली नागपाड्यात सुरू झालेले ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते आणि संचालक होते मॅनशार्ट. १९४४ साली संस्थेचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ (टिस) झाले, १९५४ साली ती देवनारला गेली, १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मराठवाड्यात तुळजापूरलाही १९८६ पासून तिचे केंद्र आहे. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात मातृसेवा संघाची संस्था अशी महाविद्यालये निघाली आणि आज राज्याच्या बहुतेक भागांत समाजकार्य शिकता येते.

या शिक्षणातून काय निघाले, असे कुणी विचारले तर दोन उदाहरणे पुरे आहेत. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक १९९६ साली टिसचा क्षेत्रप्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झाला. घरात मार खाणाऱ्या बाईला पोलीस ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्तीचा आधार देणारा ‘विशेष कक्ष’ १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टिसनेच सुरू केला आणि नंतर तो राज्यभर पसरला. हिरा विकून आलेल्या पैशाची ही मुळे एवढी खोलवर गेली आहेत.

धंद्याला याचे काय?

धंद्याने हे केवळ पुण्य म्हणून केले, असे समजण्याचे कारण नाही. कारखानदारीलाही या माणसांची गरज होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४९ आले. ज्या कारखान्यात पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील, तिथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. पाळणाघर, उपाहारगृह, कर्जबाजारी कामगार, दारू, घरातले आजारपण हे सगळे या अधिकाऱ्याच्या टेबलावर येई. समाजकार्याच्या शाळांतून शिकून निघालेले पदवीधर तिथे लागू लागले. आज ज्याला मनुष्यबळ विकास म्हणतात, त्या पेशाचे आपल्याकडचे एक मूळ कामगार कल्याणाच्या या अभ्यासक्रमात आहे.

आता मात्र एकाच आवारात शिकलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या वाटा फार लांब गेल्या आहेत. मनुष्यबळ व्यवस्थापन शिकलेल्याला कंपन्या महाविद्यालयात येऊन घेऊन जातात. बालकल्याण, मनोरुग्णसेवा, आदिवासी भागातले काम शिकलेल्याची सुरुवात बहुधा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पावर, वर्षा-वर्षाच्या करारावर आणि तुटपुंज्या मानधनावर होते. प्रकल्प संपला की नोकरी संपली. समाजकार्याच्या विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्तीची आखणी करताना ही वस्तुस्थिती आधी डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

कर्ज की देणगी?

जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना मदत देणारा निधी स्थापन केला. त्यांनी जाणीवपूर्वक कर्जरूपाने मदत दिली. शिकून मोठे व्हा, कमवा, पैसे परत करा, म्हणजे तुमच्या मागच्याला ते मिळतील, असा त्यामागचा विचार. पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन डॉक्टर स्त्रिया होत्या. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरात स्त्रियांची वैद्यकीय सेवा केली. राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन हेही टाटांच्या शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. के. सी. महिंद्र ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन यांच्या उच्च शिक्षणासाठीच्या बिनव्याजी कर्जशिष्यवृत्त्याही याच धर्तीच्या आहेत.

कर्जशिष्यवृत्ती ही उत्तम सोय आहे, पण ज्याच्या शिक्षणानंतर कमाईची खात्री आहे त्याच्यासाठी. डॉक्टर, इंजिनिअर, सनदी अधिकारी कर्ज फेडू शकतो. समाजकार्य शिकलेल्या मुलीच्या डोक्यावर कर्ज ठेवले, तर ती पहिल्याच दिवसापासून जास्त पगाराच्या कामाकडे वळते. मेळघाटात कुपोषणावर काम करायचे की शहरातल्या कार्यालयात आरामाची नोकरी धरायची, याचा निकाल तिच्या मनाआधी कर्जाचा हप्ता लावतो. ज्या कामासाठी तिला शिकवले, त्याच कामापासून कर्ज तिला दूर नेते. म्हणून या क्षेत्रात शिष्यवृत्ती ही परत न करायची देणगी असावी, असे माझे ठाम मत आहे. लेडी मेहरबाईंच्या नावाचा शिक्षण ट्रस्ट परदेशी शिकायला जाणाऱ्या भारतीय पदवीधर स्त्रियांना मदत देतो आणि त्याच्या विषयांत समाजकार्य आहे, याचे म्हणूनच विशेष महत्त्व आहे.

फील्डवर्कचा दिवस

समाजकार्याच्या शिक्षणाचा खर्च फीच्या पावतीवर दिसत नाही. तो कुठे होतो, हे एका दिवसावरून कळेल.

एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचे. आठवड्यातले साधारण दोन दिवस वर्ग नसतो, क्षेत्रकार्य असते. विद्यार्थी त्याला फील्डवर्कच म्हणतात. समजा, एका मुलीची नेमणूक जिल्हा रुग्णालयात क्षयरोग विभागात झाली आहे. ती राहते तालुक्याच्या गावी. सकाळची पहिली एस.टी., मग शहरातली रिक्षा. एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट असले, तरी रिक्षावाला निम्मे घेत नाही. दहा वाजता तिच्यासमोर एका रुग्णाचा कागद येतो. त्यावर शेरा असतो: औषधे मध्येच सोडली. डॉक्टरांच्या लेखी हा बेजबाबदार रुग्ण.

ती त्याच्याशेजारी बाकावर बसते. घाई करत नाही. अर्ध्या तासाने तो सांगतो की तो ऊसतोड कामगार आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्याच्या भागात गेली, बैलगाडीबरोबर बिऱ्हाड गेले, गोळ्या संपल्या. नव्या गावात दवाखाना कुठे हे माहीत नव्हते आणि मुकादमाची उचल घेतलेली असल्याने खाडा परवडत नव्हता. आता प्रश्न बेजबाबदारपणाचा उरत नाही. या माणसाचा कागद पुढच्या हंगामाआधी त्या भागातल्या आरोग्य केंद्राकडे पोचवला पाहिजे, घरातल्या मुलांची तपासणी झाली पाहिजे, मुकादमाशी कुणीतरी बोलले पाहिजे. दुपारी ती त्याच्या घरी गृहभेटीला जाते. पुन्हा भाडे. त्याच्या शिधापत्रिकेच्या आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स तिच्याच पर्समधल्या पैशांतून निघतात. संध्याकाळी परतल्यावर झाले ते सगळे क्रमाने लिहून काढायचे, कारण आठवड्याला पर्यवेक्षक शिक्षकांसमोर त्याची चर्चा होते. कुठे चुकलो, काय विचारायचे राहिले, रुग्णाच्या जागी आपली मते कुठे घुसली, हे सगळे तिथे निघते. समाजकार्यकर्ती घडते ती त्या चर्चेत.

आता हिशेब मांडा. भाडे, डबा, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, ग्रामीण शिबिराचा खर्च, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बाहेरगावी महिनाभर राहून करायचे सलग फील्डवर्क आणि यावर वसतिगृहाचे आणि मेसचे पैसे. आठवड्यातले दोन दिवस बाहेर आणि रात्री अहवाल लिहिणे, त्यामुळे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करायलाही सवड राहत नाही. सरकारी शिष्यवृत्त्यांचा आधार मोठा आहे आणि तो असायलाच हवा. पण महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळामार्फत मिळणारे हे पैसे अनेकदा उशिरा जमा होतात. मेसवाला मात्र महिन्याच्या महिन्याला मागतो.

२०१८ च्या फेब्रुवारीत टिसच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, तेव्हा वाद नेमका याच गोष्टीचा होता. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मागास समाजांतल्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनालयाचे शुल्क माफ असावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. शिकायला मिळणे आणि शिकत असताना जगायला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलांनी सगळ्यांच्या लक्षात आणून दिले. उद्योगाची शिष्यवृत्ती या दुसऱ्या गोष्टीसाठी असली, तर ती खरी कामी येते.

कायदा काय म्हणतो

आज धंद्याचा पैसा शिक्षणाकडे येतो तो मुख्यतः कंपनी कायद्यामुळे. २०१३ च्या कायद्याचे कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हाच सीएसआर. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत मान्य कामांची यादी आहे आणि शिक्षणाला चालना देणे त्यात आहे. त्यामुळे शिष्यवृत्ती त्यात बसते. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी योजना काढली, तर ती सीएसआर धरली जात नाही.

यातल्या दोन तरतुदी शिष्यवृत्ती देऊ इच्छिणाऱ्यांनी नीट समजून घ्याव्यात. पहिली सोयीची. एकाहून अधिक वर्षे चालणारे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करता येते आणि त्याचा न खर्चलेला पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतो. म्हणजे दोन वर्षांच्या एम.एस.डब्ल्यू.साठी पहिल्याच दिवशी पूर्ण दोन वर्षांचा शब्द देता येतो. तरीही ‘या वर्षी देतो, पुढचे पुढे बघू’ असे सांगितले जाते. दुसऱ्या वर्षी पैसे थांबले, तर पहिले वर्षही वाया जाते. हा धोका घेऊन शिकणारी मुलगी अभ्यासात मन कसे घालणार?

दुसरी तरतूद अडचणीची. जानेवारी २०२१ पासून सीएसआरचा पैसा कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही. म्हणजे मुद्दल बँकेत ठेवून व्याजावर वर्षानुवर्षे शिष्यवृत्ती चालवायची, ही जुनी पद्धत सीएसआरमधून शक्य नाही. दोराबजींनी जे केले, ते आपल्या खासगी संपत्तीतून केले. आज टाटा समूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सच्या भांडवलाचा सुमारे ६६ टक्के हिस्सा टाटांच्या विश्वस्त निधींकडे आहे. पोलाद, मीठ, सॉफ्टवेअर यांच्या नफ्यातला वाटा लाभांशाच्या रूपाने दरवर्षी त्यांच्याकडे येतो. हा झरा आटत नाही, कारण मुद्दलच दान केलेले आहे.

पण जिथे दरवर्षी नव्याने मंजुरी लागते, तिथे काय होते तेही आपण पाहिले. जून २०२४ मध्ये टिसने चार केंद्रांतल्या शंभराहून अधिक कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या. त्यांचे वेतन टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत होते आणि पुढची मंजुरी आलेली नव्हती. ट्रस्टने आश्वासन दिल्यावर दोन-तीन दिवसांत नोटिसा मागे घेतल्या गेल्या. देणाऱ्याची नियत चांगली असली, तरी मंजुरीचा एक कागद उशिरा आला की किती घरांची झोप उडते, हे त्यातून दिसले. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याचीही तीच गत असते.

देणाऱ्याचा हात कुठे थांबावा

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. पैसा धंद्याचा नव्हता, संस्थानचा होता. पण शिष्यवृत्तीच्या अटींबद्दल बोलताना हे उदाहरण टाळता येत नाही. १९१७ साली बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला गेले, तेव्हा तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जात कळल्यावर पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढले गेले आणि नोकरी सोडून परतावे लागले. सयाजीरावांनी दिलेल्या शिक्षणाने देशाचा इतिहास घडला. कराराच्या कलमाने मात्र काही साधले नाही.

आजही काही शिष्यवृत्त्यांत ‘शिक्षणानंतर आमच्या प्रकल्पात अमुक वर्षे काम’ अशी अट घातली जाते. समाजकार्यात ही अट विशेष घातक आहे. समाजकार्यकर्त्याची निष्ठा पैसे देणाऱ्याशी नसते, ज्याच्यासाठी काम करायचे त्या माणसाशी असते. उद्या त्याच कंपनीच्या धरणाने गाव उठवले, त्याच कंपनीच्या सांडपाण्याने विहिरी नासल्या, तर त्या गावच्या बाजूने उभे राहणे हे त्याचे काम आहे. ज्या शिष्यवृत्तीने हे धैर्य विकत घेतले, तिने समाजकार्याची पदवी दिली, पण समाजकार्यकर्ता घडवला नाही. टॉनी यांनी साखळी कामगारांच्या मजुरीचा अभ्यास केला, तेव्हा मालकांना काय आवडेल हे त्यांनी विचारले नाही. पैसा देणाऱ्यानेही ते विचारले नाही. त्या १,४०० पौंडांची खरी किंमत इथे आहे.

म्हणून व्यवस्था साधी असावी. पैसा कंपनीने द्यावा, निवड महाविद्यालयाच्या समितीने करावी. कंपनीचा प्रतिनिधी हवा तर समितीत बसावा, पण शेवटचा शब्द शिक्षकांचा असावा. घरची गरज, आधीच्या कामाची तळमळ आणि अभ्यास हे तिन्ही पाहावेत. केवळ टक्क्यांवर निवड केली, तर वस्तीत लहानाचा मोठा झालेला, पण परीक्षेत मागे पडलेला मुलगा मुलाखतीपर्यंतही पोचत नाही. शिष्यवृत्तीला कंपनीचे नाव असायला हरकत नाही. पण त्या मुलीला हातात मोठा धनादेश देऊन व्यासपीठावर उभे करू नये आणि तिच्या घरच्या गरिबीची छायाचित्रे कंपनीच्या अहवालात छापू नयेत. दुसऱ्याचा मान राखायला जिला शिकायचे आहे, तिचा मान आधी राखला पाहिजे.

अर्ज करणाऱ्यासाठी थोडे

समाजकार्य शिकू इच्छिणाऱ्या मुला-मुलींना एवढेच सांगेन: उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, गुणपत्रिका आणि बँक खात्याला आधार जोडलेला असणे, ही तयारी प्रवेशाआधीच करून ठेवा. दाखल्यासाठी सेवा केंद्रावर शेवटच्या आठवड्यात झुंबड उडते. अर्जातल्या निवेदनात ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ असे लिहून थांबू नका. तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिले, काय केले, ते लिहा. गावातल्या शाळेतून मुली कधी आणि का गळतात, हे तुम्ही पाहिले असेल, तर तीच तुमची शिफारस. शिष्यवृत्ती मिळाली, तर दुसऱ्या वर्षी ती कोणत्या अटीवर चालू राहते, हे लेखी विचारून घ्या. कर्ज आहे की देणगी, हेही आधीच विचारा. विचारण्यात संकोच नको. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर प्राप्तिकर लागत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पंधरा लाखांचे एक झाड

शिष्यवृत्ती द्यायला टाटाच असावे लागते, असे नाही. कायद्याने ज्यांच्यावर काही बंधन नाही, असे हजारो व्यावसायिक महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत आहेत: सराफ, बियाण्यांचे व्यापारी, दूध संकलन करणारे, बांधकाम व्यावसायिक, रुग्णालये चालवणारे डॉक्टर. त्यांच्या खासगी देणगीला कायम निधीची मनाई नाही.

एखाद्याने जवळच्या समाजकार्य महाविद्यालयात पंधरा लाखांचा निधी ठेवला आणि ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाला १,०५,००० रुपये होतात. महिन्याला ८,७५०. एका विद्यार्थिनीचे मेसचे आणि भाड्याचे पैसे त्यात भागू शकतात. ती शिकून गेली की दुसरी येईल, मग तिसरी. एकट्याला जमत नसेल, तर बाजारपेठेतल्या पाच दुकानदारांनी मिळून करावे. गावच्या गणेशोत्सवाची वर्गणी जितक्या सहज गोळा होते, तितक्या सहज हेही होऊ शकते. आपल्याच तालुक्यातल्या रुग्णालयाच्या बाकावर, पोलीस ठाण्याच्या कक्षात, ऊसतोडीच्या तळावर दोन वर्षांनी कोणीतरी शिकलेले, शांतपणे ऐकून घेणारे माणूस बसलेले असेल.

या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा, ज्यांच्या दुकानाची वा कारखान्याची पाटी गावात आहे त्यांनी एकदा जवळच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या प्राचार्यांना भेटावे आणि फक्त एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी तुमच्याकडून किती मुली पैशांअभावी मध्येच घरी परतल्या? आणि मिळेल त्या उत्तरातल्या निदान एका मुलीची दोन वर्षे आपल्या माथी घेऊनच बाहेर पडावे.